नारिंगी बेसला पाय न लावल्याबद्दल

बालाघाट,
सोमवार

श्रीयुत शालिकराम यांस,

गुणाकरचा रामराम पोचावा. 'श्रीयुत' वाचून दचकू नकोस. आठवीत एका बाकावर बसलो तेव्हापासून मी तुला शाल्या सोडून दुसरं काही म्हटलेलं नाही. पण ज्या माणसाने माझा फोन सलग नऊ वेळा उचलला नाही, त्याला शाल्या म्हणायचा अधिकार मला उरला आहे की नाही याची खात्री होईपर्यंत श्रीयुतच बरं. तुझी साखर कशी आहे? दुर्गावहिनींचे गुडघे? हलकं धान कापून झालं असेल. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे कालिंदी ठीक आहे. कोजागिरीला तू दरवर्षीसारखा येशील म्हणून तिने तीन लिटर दूध आटवलं होतं. तू आला नाहीस. इतकं दूध वाया कसं घालवायचं म्हणून दुसऱ्या दिवशी ते मी एकट्याने संपवलं आणि त्यानंतरचे दोन दिवस कसे गेले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्याचा ठपका मी तुझ्यावर ठेवत नाही, पण तुला ठाऊक असावं.

तू चिडला आहेस हे मला कळतं. नातीला, खुशीला, यापुढे मैदानावर पाठवणार नाही असं तू चारचौघांत सांगितलंस, तेही कळलं. (किरनापूरहून बालाघाटला येणाऱ्या बसमध्ये बातम्या तिकीट न काढता येतात.) म्हणून झालं ते पहिल्यापासून, जसं झालं तसं लिहितो. मी बत्तीस वर्षं जमिनींची मोजणी केली. भावाभावांच्या भांडणात साखळी धरून उभा राहिलो, शिव्या खाल्ल्या, पण बांध जिथे होता तिथेच दाखवला. एकदा तुझ्याच काकांच्या शेताचा बांध दीड हात आत निघाला, तेव्हाही तू आठ दिवस बोलला नव्हतास. तेव्हा मी काय माणूस आहे हे तुला नव्याने सांगायला नको.

आता मी या सॉफ्टबॉलच्या फंदात पडलोच कसा, असं तू विचारशील. मी पडलो नाही, मला पाडलं. आमच्या गल्लीतले अनुराग सर शाळेत खेळ शिकवतात. जिल्ह्यात पोरी खेळणाऱ्या पुष्कळ, अंपायर मात्र दोनच, आणि त्यातल्या एकाची बदली झाली. सर एका संध्याकाळी नियमांचं पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, काका, तुम्ही रिकामेच आहात, जरा वाचून पाहा. निवृत्त माणसाला 'रिकामेच आहात' म्हणणं बरोबर नाही, पण पुस्तक मला आवडलं. आकृत्या होत्या, मापं होती, कलमं आणि पोटकलमं होती. जबलपूरला एक दिवसाचं शिबिर झालं, छातीला लावायचा बिल्ला मिळाला. कालिंदी म्हणाली, या वयात ऊन लागेल. ऊन लागलंही, पण तो वेगळा विषय आहे.

यंदा नियम बदलले. नियम बदलले की सगळे म्हणतात, अरे पोरांचा खेळ आहे, चालायचंच. मग बदलले कशाला? मी ते लागू करायचं ठरवलं. पहिला बदल असा की अंगावर धातूचं काही नको. परसवाड्याच्या पोरींच्या नाकातल्या चमक्या निघेनात (एकीची म्हणे आजीने सोनाराकडून पक्की करून घेतलेली), तेव्हा मी चिकटपट्टी मागवली आणि नऊच्या नऊ पोरी नाकावर पांढरी पट्टी लावून खेळल्या. ज्यांच्या नाकात काही नव्हतं त्यांनीही लावली, कारण त्यांना वाटलं तो गणवेशाचाच भाग आहे. दुसरा बदल, पिचरने चेंडू वीस सेकंदांत टाकायचा. भरवेलीची पिचर दर चेंडूआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची, त्याला अठ्ठावीस सेकंद लागायचे. मी घड्याळ दाखवलं तर तिने तेच आठ सेकंद कमी करून इतक्या घाईने म्हटलं की पुढचे तीन चेंडू झाडात गेले. तिसरा, हेल्मेटचा पट्टा बांधलेला असलाच पाहिजे. हेल्मेटं चार, पोरी अठरा, आणि प्रत्येकीच्या केसांना खोबरेल. पट्टा बांधता बांधता माझ्याच बोटांना इतकं तेल लागलं की दुपारनंतर मला पेन धरता येईना. हे सगळं मी केलं, कोणाचा लाड केला नाही. बालाघाटच्या पोरींचाही नाही, आणि त्या तर माझ्या गावच्या.

आता मुद्द्यावर येतो. चौथा बदल म्हणजे पहिला बेस. तिथे पळत येणारी पोरगी आणि बेस राखणारी पोरगी एकमेकींवर आदळतात, दात पडतात, म्हणून आता तिथे जोडबेस आला आहे. अर्धा पांढरा, अर्धा नारिंगी. पांढऱ्यावर राखणारीने पाय ठेवायचा, नारिंगीवर पळणारीने. आपल्याकडे इतकी वर्षं धानाच्या बारदान्याची उशी शिवून तोच बेस चालायचा. नवा बेस खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला, कोरा, प्लॅस्टिकच्या पिशवीत. चारही शाळांच्या पोरी शिबिरासाठी आलेल्याच होत्या. अनुराग सर म्हणाले, काका, सामानाची पूजा करायची, तुम्ही वडीलधारे. आता तूच सांग, मी नाही म्हणणार होतो? कालिंदीने ताट दिलं. बॅटींना हळदकुंकू लावलं, हातमोज्यांना झेंडू वाहिला. नारळ फोडायला होम प्लेट ठेवली होती, ती रबराची निघाली. नारळ तिथून उसळला तो थेट अनुराग सरांच्या नडगीवर. पोरी हसल्या, मी हसू दिलं. जोडबेसला कुंकू लावताना मी फक्त नारिंगी भागाला लावलं, कारण पांढऱ्यावर डाग पडला असता आणि सामान सरकारी आहे. इथवर सगळं रीतसर झालं.

मग मी चार शब्द बोललो. (बोलायला नको होतं, असं कालिंदीचं मत आहे. ते तिने रोज एकदा मांडलं आहे.) मी म्हणालो की पोरींनो, अवजाराचा मान ठेवायचा असतो, पूजेला लागलेल्या वस्तूला पाय लावायचा नसतो. सगळ्यांनी मान डोलावली. मग बेसवर पळायचं कसं, असं कोणीच विचारलं नाही. मलाही सुचलं नाही, कारण घरी आम्ही अडकित्त्याची नि विळीची पूजा करतो आणि त्यांच्यावर कोणी पळत नाही.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी अंतिम सामना झाला, तुमची किरनापूरची शाळा आणि बालाघाटची. तू पिकअप भरून माणसं आणली होतीस, ढोल होता, सगळं मी पाहिलं. बालाघाटच्या पोरी माझं भाषण विसरून नारिंगीवर बेधडक पाय देऊन पळत होत्या आणि मी गप्प होतो, कारण नियमाने ते बरोबर होतं. सातवा, शेवटचा डाव. चार-चार अशी बरोबरी. तुमच्या दोन पोरी आउट झालेल्या, एक तिसऱ्या बेसवर उभी, आणि मारायला खुशी. ती पहिल्या बेसवर सुखरूप पोचली की तिसऱ्यावरची घरी, म्हणजे एक धाव, आणि सामना तुमचा. खुशीने चेंडू जमिनीलगत मारला. काय मारला, शाल्या! (सवयीने लिहून गेलो, खोडत नाही.) पळाली ती अशी की मीही जागचा हललो. चेंडू तिच्यानंतर पोचला, यात शंकाच नाही. पण तिने पाय ठेवला तो पांढऱ्यावर. मग थांबली, मागे वळली, चेंडू येऊन पोचल्यानंतर वाकून नारिंगी भागाला उजवा हात लावला आणि तो कपाळाला लावला.

मी आउट दिली. पुस्तक खिशातच होतं, पान दुमडून ठेवलेलं होतं. पळणारीने नारिंगीला स्पर्श करायचा, न करता फक्त पांढऱ्यावर गेली तर आउट. पान एकतीस. ढोल थांबला. सामना पुढे गेला आणि तुम्ही एका धावेने हरलात. सामना संपल्यावर अंपायरने निवड समितीसाठी प्रत्येक मुलीपुढे शेरा लिहायचा असतो. खुशीपुढे मी लिहिलं, 'खेळ उत्तम. नियमांची माहिती नाही.' जिल्ह्याच्या संघातून जबलपूरला खेळायला जाणाऱ्या सोळा जणींत तिचं नाव आलं नाही ते या शेऱ्यामुळे, असं तुझं म्हणणं आहे. ते खरं आहे. मी समितीला विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं.

तू मैदानावर माझ्यापाशी आलास तेव्हा मला वाटलं तू आरडाओरडा करशील. तू एवढंच म्हणालास, "गुण्या, आजपासून तू मले अंपायरच." आणि गेलास. शिव्या दिल्या असत्यास तर सोपं गेलं असतं. पन्नास वर्षांत मला कोणी इतकं लागेल असं बोललं नाही, आणि त्यात वाईट शब्द एकही नव्हता.

तरीही माझं म्हणणं असं की नियम तो नियम. ती माझ्याच सांगण्यावरून तसं वागली, हे मला समजतं. त्या पोरीने माझा शब्द राखला आणि मी तिला त्याचीच शिक्षा दिली, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण माझी चूक पूजेच्या दिवशी झाली, निकालात झाली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मोजणीवाल्याने बांधाच्या मालकाला काल जेवायला बोलावलं म्हणून आज बांध सरकत नाही. एवढं तू शांतपणे समजून घे, फोन उचल, आणि पोरीचा खेळ बंद करू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागव, मी पुरून उरेन. वहिनींना नमस्कार, धर्मेंद्रला आशीर्वाद.

तुझा (असं लिहू का?)
गुणाकर

ता. क. कालिंदीने वहिनींसाठी चकल्या दिल्या आहेत. त्या वहिनींसाठीच आहेत. पिशवीवर तिने तुझं नाव लिहिलं नाही आणि माझंही नाही. पूजेच्या भाषणापासून ती मला जेवायला वाढते, पण ताटाकडे बघून.

ता. क. दुसरा, सोमवार संध्याकाळ. तुझी खात्री पटावी म्हणून पान एकतीसची नक्कल करून पत्राला जोडावी असं वाटलं, म्हणून पुस्तक उघडलं. नियम पान एकतीसवर संपत नाही. तो बत्तीसवर पुढे चालू आहे. मी पान दुमडलं होतं, उलटलं नव्हतं. बत्तीसवर लिहिलं आहे की राखणाऱ्या संघाने आक्षेप घेतला तरच आउट द्यावं, अंपायरने आपणहून देऊ नये. आक्षेप कोणी घेतला नव्हता. बालाघाटच्या पोरी तर हरलो म्हणून रडायला लागल्या होत्या. म्हणजे खुशी सेफ होती. सामना तुमचा होता. वरची सगळी पानं रद्द समजावीत. फाडत नाही, कारण इतकं लिहायला अख्खा दिवस लागला, आणि माणूस किती खात्रीने चुकू शकतो हे तुझ्याकडे लेखी राहू दे. सामन्याचा निकाल आता बदलता येत नाही (तो नियम मी मागून पुढून वाचला), पण शेरा बदलता येतो. उद्या सकाळी समितीकडे जातो.

ता. क. तिसरा, मंगळवार. गेलो. माझी चूक आहे असं लिहून दिलं, बिल्लाही टेबलावर ठेवला. बिल्ला त्यांनी परत दिला, दुसरा अंपायर नाही म्हणून. सोळाव्या जागेवरची मुलगी आजारी पडली आहे, खुशीचं नाव घालतो म्हणाले, पण पालकाच्या सहीचा फॉर्म शुक्रवारपर्यंत हवा. तिथून बस पकडून थेट किरनापूरला तिच्या शाळेत गेलो. तुझ्या दारावरून गेलो, आत यायची हिंमत झाली नाही. मधल्या सुट्टीत खुशीला बोलावलं आणि म्हटलं, बाळ, तू सेफ होतीस, मी पुढचं पान वाचलंच नव्हतं. ती म्हणाली, "मले मालूम होतं, आजोबा. सरनं पुस्तक दिलतं तं मी पूरा पढली. नारिंगीले पाय लावू नका म्हणून तुम्ही सांगलतं. मंग सफेदवर ठेवला. त्याहिनं अपील केली तरच आउट, अन् त्याहिले कोनाले मालूमच नोहतं." मी विचारलं, मग तिथेच बोलली का नाहीस? ती खाली बघत म्हणाली, "सब लोक होते नं तिथं. तुमची हसाई झाली असती."

शाल्या, पंधरा वर्षांची पोर आहे ती. सामना हातचा जात होता आणि ती माझी अब्रू सांभाळत उभी होती. मी मधल्या सुट्टीत तिथे सगळ्या पोरांसमोर रडलो, हे तुला कोणाकडून तरी कळणारच, म्हणून मीच लिहितो.

खुशीच्या बापाला, धर्मेंद्रला, भरवेलीला फोन केला. तो म्हणाला, "बाबा सही करन तं माही हौ." म्हणून फॉर्म सोबत जोडला आहे. जुना शेरा या फॉर्मवरही उतरला होता, तो मी खोडला. रकाना रिकामा सोडता येत नाही, तेव्हा त्या जागी लिहिलं, 'नियमांची माहिती अंपायरपेक्षा जास्त.' खाली माझी सही केली आहे. शेजारची जागा पालकाची आहे, तिथे तुझी कर.