गूळतुलेचा शनिवार

९ ऑक्टोबर २०२१, शनिवार
देवळं उघडली आणि यांना नवस आठवला! करोनाच्या आधीच्या थंडीत अनघाला टायफॉइड झाला होता. नात नुसती काडी झाली होती. तेव्हा हे मारुतीला बोलले – पोर उठली तर तिच्या भारंभार गूळ वाटीन. पोर उठली, पण देवळाला कुलूप लागलं. आता २३ तारखेला गूळतुला. तांड्यावरच्या फुलसिंगकडून कापूस तोलायचा मोठा काटा आणायचा, अर्धं घाटंजी जेवायला बोलवायचं.
अनघा ऐकत होती. अर्धी पोळी टाकून उठली.

१२ ऑक्टोबर
उमरखेडहून विमलताईंचा फोन. नणंदबाईंचा आवाज असा की स्पीकरची गरज नाही, तरी यांनी लावलाच.
"वहिनी, गूळ कमी पडू देऊ नका बरं! पोरगी लॉकडाउनमध्ये चांगलीच फुगली. काटा तुटायचा!"
हेही हसले. अनघा समोरच गणितं सोडवत होती. मी फोन बंद केला. रेंज गेली म्हणतील. म्हणू देत.
चौदा वर्षांची मुलगी. दीड वर्ष चार खोल्यांत मोबाइलसमोर शाळा केली, सायकल पोर्चमध्ये गंजली. वजन वाढलं. वाढणारच! ती काय कापूस आहे, ओला म्हणून व्यापाऱ्यानं वजन कापायला?

१५ ऑक्टोबर, दसरा
अनघानं श्रीखंडाला हात लावला नाही. "पोट भरलं." कशानं?
सूनबाई पद्मजा म्हणते, "राहू द्या आई. जरा कमी झाली तर बरंच आहे."
आई आहे तिची! बरंच काय त्यात?

१८ ऑक्टोबर
शाळेतून फोन. अनघा प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. तिचा बाप मंदार कामावर, मीच ऑटो करून गेले. बाकावर पांढरीफटक बसली होती. डबा उघडला – भरलेला.
दरडावलं, "कधीपासून?" तिनं डब्याला झाकण लावलं. मग हळूच, "शनिवारपर्यंतच गं आजी. मग जेवीन."
ती उठली म्हणून नवस फेडायचा. आणि तो फेडायला ती उपाशी!
घरी येऊन यांना सांगितलं, ती काट्यावर बसणार नाही.
"देवाला शब्द दिलाय."
"तुम्ही दिलात. तिला विचारलं होतं?"
"ती तापात होती!"
"मग तो शब्द तिचा नाही."
"लोकांना आवतण गेलंय. पारड्यात बसणार कोण?"
माझं ठरलंय.
अनघाला एवढंच म्हटलं, "तू बसायचं नाहीस. आता जेव." दोन घास खाल्ले. विश्वास नाही तिचा. बरोबर आहे.

२१ ऑक्टोबर
फुलसिंग तांड्यावरून काटा घेऊन आला. देवळाच्या तुळईला टांगून पाहिला.
"पोरगी लाजून राह्यली का, बाई? आमच्या इकडं तं सारेच पोट्टे गोल झाले. माहा बादल शर्टात मावत नाही!"
"मोठ्या माणसाला पेलेल का हा?"
"क्विंटलभर कापूस पेलते. काहून, कोण बसून राह्यलं?"
"गूळ जास्तीचा सांगून ठेव."

२३ ऑक्टोबर, शनिवार
"चल अनघा, बस," विमलताई म्हणाल्या. मी पदर खोचला आणि पारड्यात जाऊन बसले. हे पुटपुटले, "उतर!" उतरते कशाला? फुलसिंग हसू दाबत समोर गुळाच्या भेल्या रचत गेला. दोन्ही पारडी एका पातळीत आली.
तेवढ्यात अनघा पुढे झाली. समोरच्या पारड्यातली भेली फोडली, भलामोठा खडा उचलला आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकला.
"अगं, नैवेद्य व्हायचाय!" विमलताई ओरडल्या.
ती चावत राहिली. दुसरा उचलला.
माझं पारडं जरा खाली गेलं. जाऊ दे!