चिकटपट्टीवरची भूतदया

आदरणीय भावोजींस,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, पण पत्रात वाकायला काय जातं?) तुमचा खोकला बसला असेल आणि लेकीच्या घरीही ताईने साखरेच्या डब्यावर पहारा ठेवला असेल, असं धरून चालतो. इकडे सगळं क्षेम. ताईचं सफरचंदाचं झाडही उभं आहे. (हे वाक्य घाईने वाचू नका.)

निघताना तुम्ही बजावलं होतंत, खोडाला किडे अडकवणारी चिकटपट्टी गुंडाळ आणि मग झाडाला हात लावू नकोस. पहिला भाग मी तंतोतंत पाळला. थंडी सरू लागली तसे दारावरच्या दिव्याभोवती करडे पतंग जमू लागले. मी वाचनालयातून जाडजूड ग्रंथ आणला, भिंग घेतलं आणि ताडून पाहिलं. बसताना पंख एकावर एक, घडीच्या शालीसारखे. त्यांवर फिकट नागमोडी रेघ. ओळख पटली! वसंताच्या तोंडाशी येणारा, ज्याच्या अळ्या फळझाडं फस्त करतात तोच हा. पानभर वर्णन मुखोद्गत केलं (सूत्रं घोकून वाढलेला माणूस मी), ग्रंथ मिटला, दिवा मालवला. शत्रू हरला.

मग पट्टीवर काही लठ्ठ, केसाळ, बिनपंखी कोळी अडकलेले दिसले. निरपराध जीव! रोज सकाळी तेलात बुडवलेल्या मऊ कुंचल्याने मी एकेकाला सोडवलं आणि वर, उन्हाच्या फांदीवर नेऊन ठेवलं. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, कोळ्याला आठ पाय असतात. यांना सहाच आहेत." म्हटलं, "दोन पट्टीत तुटले असतील." "सगळ्यांचे? आणि दोनदोनच?" बाईमाणसाला शंका फार.

ग्रंथ परत करायच्या दिवशी तिने सहज त्या पतंगाचं पान उलटलं. मागे मादी होती. तिला पंख नसतात. ती खोडावरून चालत वर जाते आणि फांद्यांवर अंडी घालते. म्हणजे भावोजी, तुमच्या पट्टीने धरलेली प्रत्येक बाळंतीण मी स्वहस्ते प्रसूतिगृहात पोचवली!

आता पालवी फुटली आहे आणि तिला गिऱ्हाइकंही आहेत. ताईने नातीला यंदाची सफरचंदं कबूल केली आहेत, म्हणून आम्ही दोघं रोज शिडीवर चढून अळ्या वेचतो. निम्मा मोहोर तरी वाचेल असं वाटतं.

लोभ आहेच, पत्र वाचून झाल्यावरही राहावा.

तुमचा (एके काळी विश्वासू)
मेहुणा

ता. क. परतीचा बेत फळ धरेपर्यंत लांबवा. ताईने विचारलं तर खोकून दाखवा.

आणखी ता. क. ताई, भावोजींची पत्रं तूच आधी फोडतेस, ठाऊक आहे मला. खोकला खोटा आहे. लवकर ये. शिडी धरायला माणूस हवंय, कारण तुझी भावजय आता प्रत्येक अळीचे पाय मोजत बसते.