गुलाबी मका

नेर, मंगळवार, दिवेलागण

बटेर पक्ष्यांचं खाद्य संपलं होतं. त्यायले बारीक अन् ताकदीचं लागते, दुकानातूनच आणा, असं मी नवऱ्याले सकाळीच सांगून गेलती. शाळेतून आली, तर पिंजऱ्यातल्या भांड्यात भरडलेला मका! कुठला? पेरून उरलेला. औषध लावलेलं ते गुलाबी बियाणं.

"चांगला तीनदा धुतला न," हे म्हणाले. "रंग कुठं दिसून राह्यला तुले?"

यांच्या नखांत दिसून राह्यला होता. मी भांडं ओढून घेतलं, तोवर अर्धं रिकामं झालं होतं. काहून केलं असं? "एवढं महागाचं बियाणं फेकून देऊ का?" म्हणे. थैलीवर विषाची खूण आहे. ती यांना दिसली नाही, की दिसूनही...?

रोज या वेळेले बटेर ओरडून ओरडून डोकं उठवतात. आज पिंजरा गप्प. झोपले असतील. इतक्या लवकर?

मोरीमागं जाऊन पाह्यलं. मक्याचं धुवण फेकलं तिथं मुंग्या रांगेतच मरून पडल्या होत्या.

हे सांगायले धावत घरात आली, तर हे आमच्या छकुलीले वरणभात भरवून राह्यले होते. त्याच हातानं. नखं अजून गुलाबीच.

ताट हिसकलं. तिचं तोंड धुतलं. हे ऑटो आणायले पळाले आहेत. तोवर दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहून राह्यली.

छकुली मांडीवर गप्प पडली आहे. झोप आली असेल.

इतक्या लवकर?