दाजींचा ड्रोन आणि साळूबाईचा हात

घोटावडे, ता. मुळशी
यात्रा होऊन आज दहावा दिवस

तीर्थस्वरूप आशाताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर सध्या जेवढी वाकते तेवढाच, बाकीचा तू आल्यावर). जान्हवी आणि बाळ दोघं खुशाल असतील. बंगळूरची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली का? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे आपापल्या पायांवर उभे आहेत. फोन केला असता, पण शारदा फोन स्पीकरवर टाकते, मग घरातलं प्रत्येक माणूस मध्ये बोलतं आणि मूळ गोष्ट राहून जाते. शिवाय ही गोष्ट बसूनच सांगण्यासारखी आहे. मला अलीकडे बसल्याबसल्याही दमायला होतं.

जान्हवीच्या बाळंतपणासाठी दोन महिने दाजींना आमच्याकडे सोडून गेलीस तेव्हा तू यादी दिली होतीस. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, चहा बिनसाखरेचा, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. तुमच्या पियूषनं निवृत्तीची भेट म्हणून पाठवलेल्या त्या ड्रोनबद्दल यादीत एक अक्षर नव्हतं. मारुंजीच्या तुमच्या सोसायटीत त्यापायी काय झालं ते मला दाजींकडूनच कळलं. चौथ्या मजल्यावरच्या बाई गच्चीत केस वाळवत होत्या, ड्रोन त्यांच्यासमोर जरा जास्त वेळ थांबला, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली. (नाव नव्हतं म्हणे, पण 'तपकिरी टोपी घालणारे ज्येष्ठ सभासद' असं लिहिलं होतं.) त्या दिवसापासून माणसांच्या डोक्यावर ड्रोन न्यायचा नाही अशी दाजींनी शपथ घेतली होती.

खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस त्यांनी ती पाळली. सकाळी मोकळ्या शिवारावर तेवढा उडवायचे. खाली कुणी माणूस दिसला की वळवायचे. आमच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उडालेलं त्यांनीच वरून पाहिलं. भिकू पैलवानाची म्हैस दोन दिवस सापडत नव्हती, ती त्यांनी दहा मिनिटांत ओढ्याकाठी शोधून दिली. (म्हैस शांतपणे बसली होती, दमला होता तो भिकू.) त्यानंतर गावात त्यांना 'ड्रोनवाले दाजी' म्हणू लागले आणि पोरंबाळं, म्हातारेकोतारे ओट्यावर येऊन बसू लागले. शारदानं मोठं पातेलं काढलं, ते अजून आत गेलेलं नाही.

मग यात्रा आली. यंदा कमिटीचा अध्यक्ष मी आहे. (दुसरं कुणी तयार नव्हतं, अभिनंदन करू नकोस.) शेजारच्या गावानं गेल्या वर्षी त्यांच्या कुस्त्यांचं वरून चित्रीकरण केलं आणि ते सगळ्या तालुक्याच्या मोबाइलवर फिरलं. तेव्हा आपल्याही कुस्त्यांचं व्हावं असं कमिटीत ठरलं. कमिटीत कोण काय बोललं तो विषय आत्ता नको.

कुस्त्या देवळामागच्या वावरात. दुपारी चारला पूर्वेच्या मोकळ्या कडेवरून ड्रोन वर गेला. तिथं तेव्हा रणरणतं ऊन होतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. पण उन्हं कलली तशी देवळाची सावली नेमकी त्या बाजूला सरकली, आणि सावलीमागोमाग बायकापोरं सरकली. साडेचारपर्यंत तिथं पाय ठेवायला जागा उरली नाही. हे खालून सगळ्यांना दिसत होतं आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण सगळे वर बघत होते.

आखाड्यात आपला भिकू आणि बाहेरगावचा एक दांडगा पैलवान. हलगी जोरात. भिकूनं पट काढायला त्याच्या पायाला हात घातला, तेवढ्यात ड्रोन पार खाली उतरला. भिकूनं वर पाहिलं. बाई गं, त्यानं कॅमेऱ्याकडे बघून केसांवरून हात फिरवला! पुढच्या क्षणी तो आभाळाकडे तोंड करून पडलेला, म्हणजे कॅमेऱ्यात चेहरा अगदी स्वच्छ आला. अर्धं गाव पंचांशी भांडायला उठलं. पंख्यांच्या वाऱ्यानं तांबडी माती उडून पुढच्या चार रांगांच्या डोळ्यांत गेली. पूर्वेच्या कडेला बसलेली साळूबाई दोन्ही हात हलवून ओरडत होती. आम्हाला वाटलं, कॅमेऱ्याला हात करतेय. मीही तिला हात केला. ती म्हणत होती, "आरं, त्ये डोक्यावरनं काढा की! ल्हान पोरं हायेत हितं!" हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात ड्रोनची बॅटरी संपत आल्याची शिट्टी वाजायला लागली. रिमोटवर एक बटण असतं. ते दाबलं की ड्रोन जिथून उडाला तिथं आपणहून जाऊन उतरतो. जागा तो बरोबर लक्षात ठेवतो. तिथं आता कोण बसलंय हे त्याला कळत नाही. बटण दाबलं गेलं. ड्रोन वळला, सरळ पूर्वेच्या कडेवर जाऊन थांबला आणि खाली उतरू लागला.

माणसं एकमेकांना चिकटून बसलेली. उठायचं तर शेजारच्यावर पडायचं. साळूबाईच्या मांडीवर तिची दोन वर्षांची नात आरोही झोपली होती. साळूबाईनं पोरीला छातीशी धरलं आणि दुसरा हात वर केला. पंखा तळव्यापासून मनगटापर्यंत फाडत गेला. हलगी थांबली तेव्हा मला पोरीचं रडणं ऐकू आलं. रडत होती, म्हणजे धड होती.

पिरंगुटच्या दवाखान्यात नेलं. नऊ टाके पडले. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला अजून मुंग्या आहेत, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. इकडे आखाड्यावर हवालदार आले आणि त्यांनी विचारलं, माणसांच्या डोक्यावर हे उडवायची परवानगी कुणी दिली? दाजी हातात रिमोट घेऊन पुढे झाले. म्हणाले, "ड्रोन माझा आहे. चूक माझी आहे." एवढंच. गाव ऐकत होतं. भिकूनं तर त्यांची टोपी उडवली. (म्हैस विसरला.) साळूबाईनं मात्र परत आल्यावरही तक्रार दिली नाही. म्हणाली, "मानूस हात जोडून हुबा हाय, तक्रार कशापायी करू? पर येक सांगते. हात हुता म्हून हातावर निभावलं. न्हाईतर पोरीचा डोळा हुता."

आता दाजी रोज सकाळी साळूबाईकडे जातात. अंगण झाडतात, पाणी भरतात, तिच्या देखरेखीखाली भाकरी थापतात. साळूबाई म्हणते, भाकरी दिसायला वाईट पण पोट भरतं. तिच्या म्हशीनं त्यांना एकदा लाथ मारली, तेव्हापासून धार शेजारीण काढते. ड्रोनचे पंखे काढून त्यांनी पेटीत ठेवले आणि पेटी माझ्याकडे दिली. गोळी वेळेवर घेतात. बीपी नॉर्मल आहे. माझं वाढलंय.

तर ताई, हकिगत ही अशी. दाजींना रागावू नकोस. बाळाला माझा गालगुच्चा, जान्हवीला आशीर्वाद, आणि तुझ्या पायांवर डोकं.

तुझा,
किशोर

ता. क. वर 'बटण दाबलं गेलं' असं लिहिलंय. तीनदा वाचून पाहिलं, व्याकरणात चूक नाही. पण बटण कुणीतरी दाबावं लागतं. मी दाबलं. दाजी पाणी प्यायला गेले होते. रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाले, "नुसता धरा किशोरराव, काही दाबू नका, आलोच." भिकूवर ड्रोन खाली आणला तोही मीच, बघू तरी कसा येतो म्हणून. शिट्टी वाजली, मी घाबरलो आणि घराचं चित्र दिसलं ते बटण दाबलं. कमिटीचंही तेच. दाजींनी तीन वेळा नाही म्हटलं होतं. गावाच्या नाकाचा प्रश्न आहे असं म्हणणारा अध्यक्ष होता. हवालदार आले तेव्हा दाजींनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि ते पुढे गेले. मी मागे राहिलो.

आणखी एक. पत्र लिहायचं खरं कारण हे. तू दाजींना फोन कर आणि फक्त एवढंच म्हण, 'किशोरचं पत्र मिळालं, सगळं वाचलं.' ते माझ्याकडे बघतील. मग मला देवळातल्या रविवारच्या सभेत उठून बोलावंच लागेल. आपल्या आपण जमत नाही गं. दोनदा देवळात बोलायला उभा राहिलो आणि दोन्ही वेळा पाणीपुरवठ्यावर बोलून खाली बसलो.

शेवटचं. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आज दाजींना न्यायला साळूबाईकडे गेलो होतो. ती ओट्यावर पट्टीचा हात मांडीवर घेऊन बसली होती. सहज विचारल्यासारखं म्हणाली, "किशोर, त्ये बटान डाव्या हाताला आसतं का रं उजव्या?" मी म्हणालो, "डाव्या." विचार न करताच म्हणालो. तिनं जरा सरकून ओट्यावर माझ्यासाठी जागा केली. मग आत चुलीपाशी बसलेल्या दाजींना हाक मारून म्हणाली, "दाजी, च्यात घोटभर पानी वाढवा. ह्यो बी बसतोय."