नळीवरचा थर

आई, भुईगावची तुझी वाडी आम्ही विकली. दादाने त्याच्या वाट्यातून मनवेलपाड्याच्या फ्लॅटचं कर्ज फेडलं. माझा वाटा मी वसईतल्या एका छोट्या कंपनीत गुंतवला. इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा, कॉलेजातला माझा जुना मित्र आणि त्याची चार माणसं. रोग्याला लावायच्या लघवीच्या नळीवर ते चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर चढवत, नळीला जंतू धरू नयेत म्हणून. दादा म्हणाला, "नॅनो म्हणजे काय ते तरी कळतं का तुला?" फारसं कळत नव्हतं. पण नळीमुळे येणारा ताप मला माहीत होता. अजून आठवतं, तू नर्स होतीस त्या वॉर्डात मी तुझा डबा घेऊन आलेय, एका आजोबांना कुशीवर वळायला मदत करावी म्हणून त्यांची लघवीची पिशवी उचलून गादीवर ठेवतेय, आणि तू पलीकडच्या रोग्याच्या खाटेजवळून ओरडतेस, "खाली! आधी खाली धर ती! वर नेलीस की घाण परत आत जाते. त्यांना ताप भरला तर तू येणार आहेस का?" सगळ्या वॉर्डासमोर. आठवडाभर मी तुझ्याशी धड बोलले नव्हते.

त्या मंगळवारी मी न कळवता गाळ्यावर गेले. तपासणी करणाऱ्या मुलीने दोन आठवडे कोमट सलाईनमध्ये ठेवलेली नळी बाहेर काढली, पांढऱ्या गॉझने पुसली. गॉझ करडं झालं. तिने दुसरी नळी पुसली, तिसरी पुसली. तेच. मित्राने मला बाहेर जिन्यात नेलं. "एकाच लॉटचा प्रॉब्लेम आहे. शुक्रवारी आपल्या नळ्या घेणाऱ्या मोठ्या कंपनीची करारावर सही आहे. तेवढी होऊ दे, मग आपण नीट करू. तुझेही पैसे यात आहेत, विसरू नकोस."

शुक्रवारी त्या कंपनीच्या बाई आल्या. वयाने तुझ्याएवढ्या, तू गेलीस तेव्हाच्या. कागद चाळता चाळता त्यांनी विचारलं, "टेस्टिंगमध्ये काही अडचण?" मित्र म्हणाला, "नाही मॅडम." बाईंनी पेनाचं टोपण काढलं तेव्हा मी म्हणाले, "थर सुटतोय. मी स्वतः पाहिलंय."

सही झाली नाही. दिवाळीच्या आत गाळा बंद झाला आणि वाडीचे पैसे गेले. मित्राला पुण्यात नोकरी लागली. जाण्याआधी बाजारात समोर आला, तर मला बघून रस्ता ओलांडून गेला. दादा मात्र चिडला नाही. आल्यागेल्याला सांगतो, "आईची मुलगी आहे. रोग्याच्या जिवाशी खेळ नाही करणार." मी चहा ठेवायला आत जाते.

कारण मधले दोन दिवस त्याला माहीत नाहीत. बुधवारी आणि गुरुवारी मी माझा हिस्सा विकायला गिऱ्हाईक शोधत होते. एक निवृत्त शिक्षक जवळजवळ तयार झाले होते. त्यांनी विचारलं, "माल चांगला आहे ना?" मी म्हणाले, "उत्तम." गुरुवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला, मुलगा नको म्हणतोय. ते हो म्हणाले असते तर शुक्रवारी मी तोंड उघडलं असतं का, ते मला ठाऊक नाही. आणि आई, तू असतीस तर हे मी तुला सांगितलंच नसतं.