पेटीचं वळण

४ सप्टेंबर
आलो एकदाचे. घर तळमजल्यावर आहे, दोन खोल्या, दाराला उंबरा नाही. ही चाकाच्या खुर्चीसकट सरळ आत शिरली आणि म्हणाली, कितीतरी वर्षांनी एखाद्या घरात स्वतःच्या पायांनी आल्यासारखी आले. समोर सायकल दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. तो न बोलावता खाट धरू लागला. प्रार्थनेला पूर्वेचा कोपरा मिळाला. पन्नाशीच्या तोंडावर देवाने नवी नोकरी दिली, वर शेजारही बरा दिला. आणखी काय मागायचं?

५ सप्टेंबर
कारखाना लहान पण नीटनेटका. पडलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उचलणाऱ्या हवेच्या उशा इथे तयार होतात. उशी जमिनीवर सपाट पडलेली असते. माणसाला तिच्यावर सरकवायचं आणि पंप लावायचा. एकावर एक असलेले कप्पे फुगत जातात आणि माणूस खुर्चीच्या उंचीला येतो. माझं काम हवेच्या नियंत्रणाचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या पेटीचं. मालकीणबाईंना अशी एकच पेटी हवी आहे, जी लहानमोठ्या कुठल्याही उशीला चालेल आणि वरचा माणूस ओळखेल. कुणी जड असतो, कुणी काटकुळा, कुणी एका कुशीवर कलतो, कुणी थरथरतो. कुठल्या कप्प्यात किती हवा सोडायची ते पेटीने त्या माणसाकडे बघून ठरवायचं.

इथे एक रीत आहे. पेटी तयार झाली की ती करणारा स्वतः उशीवर झोपतो. कूस बदलतो, खोकतो, स्वस्थ पडून राहतो आणि पेटी त्याच्या अंगावरून शिकते. याला ते पेटीला वळण लावणं म्हणतात. शिवणी जोडणाऱ्या मावशी म्हणाल्या, पगार घेऊन दुपारी झोपायची ही जगातली एकच नोकरी, साहेब, सोडू नका. मग हळूच म्हणाल्या, तुमच्या आधीचे साहेब मात्र झोपले ते उठलेच नाहीत. उशीवरच गेले. देवमाणूस. त्यांची पेटी वरच्या फळीवर ठेवली आहे, ती बाहेर जात नाही.

१७ सप्टेंबर
माझी पेटी धक्का देते. कप्पा भरताना शेवटी एक हिसका बसतोच. मावशींनी उशीवर पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि तो कलंडला. त्या म्हणाल्या, आधीच्या साहेबांच्या वेळी पेल्यातल्या पाण्याला कळायचंसुद्धा नाही आपण वर गेलो ते. वाईट मनाने नाही म्हणाल्या. पण आधीचे साहेब, आधीचे साहेब ऐकून माझे कान किटले आहेत. मेलेल्या माणसाचा हेवा करण्याइतका मी हलका कधी झालो? प्रार्थनेत तेवढंच मागितलं, हे मनातून काढ.

पेटी आणि एक उशी घरी आणून हिच्यावर लावून बघितली. ही कलंडली, खांद्याला लागलं. म्हणाली, राहू दे, तुमचे हातच बरे. लाज वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. रोज सकाळी तिचे दोन्ही हात माझ्या मानेभोवती येतात आणि मी उचलतो. इतक्या वर्षांत त्यात खंड नाही. पण आता कंबर ऐकत नाही. त्यासाठीच तर ही नोकरी धरली.

२१ सप्टेंबर
फळीवरची पेटी घरी आणली. कुणाला विचारलं नाही. विचारणं म्हणजे मला जमत नाही हे कबूल करणं. उघडून बघेन, त्याचं कसब काय ते समजून घेईन आणि परत ठेवेन.

उघडण्याआधी एकदा हिच्या उशीला जोडली. ही वर आली ते मला डोळ्यांनी दिसलं म्हणून कळलं, नाहीतर आवाज नाही, हिसका नाही. हिने डोळे मिटले होते. म्हणाली, कोण हो हा? मी म्हटलं, पेटी आहे. ती म्हणाली, पेटी नाही विचारली मी.

२६ सप्टेंबर
पेटी उघडली. आत काहीही निराळं नाही. तेच व्हॉल्व्ह, त्याच नळ्या, जोडणी उलट माझ्यापेक्षा गबाळी. तिच्यातली सगळी मापं माझ्या पेटीत उतरवली, तरी माझी हिसकतेच.

परत नेऊन ठेवणार होतो. ही म्हणाली, दोन दिवस राहू दे. मग चेष्टेने म्हणाली, तुम्ही मला धान्याच्या पोत्यासारखं उचलता. हा आधी विचारतो, मग उचलतो. मीही हसलो. सकाळी तिचे हात वर आलेच नाहीत. मी तिथेच वाकून उभा होतो.

१ ऑक्टोबर
भांडी घासत होतो. आतून हाक आली, अहो. हात पुसत गेलो. ती म्हणाली, तुम्हाला नाही.

मग हसली. मीही हसायला हवं होतं.

उशी तिच्याखाली अगदी किंचित वर येत होती, खाली जात होती. असं कुठलंही काम पेटीला दिलेलं नाही. भरलेली उशी स्थिर राहते. एकमार्गी व्हॉल्व्ह त्याचसाठी असतात. हात ठेवून बघितलं. श्वासासारखं चाललं होतं, आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक अडखळ. कारखान्यात मावशींना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, हो, आधीच्या साहेबांचा श्वास अडखळायचा. ते दिसायच्या आत ऐकू यायचे.

म्हणजे तो माझ्या घरात आहे. माझ्या बायकोच्या पाठीखाली.

५ ऑक्टोबर
त्याच्या पेटीची शिकवण सगळी पुसून टाकली. हिला खुर्चीत बसवलं आणि दुपारभर स्वतः उशीवर पडलो, देवाचं नाव घेत. माझं वळण लागू दे, एवढंच मनात. उशीने एक बाजू भरली आणि मला फरशीवर सोडलं. पुन्हा पडलो, पुन्हा तेच. ही खुर्चीतून म्हणाली, नका ना त्याला छळू.

त्याला.

मग तिला ठेवलं. उचललं तिला, अलगद. तीच अडखळ.

९ ऑक्टोबर
ती आता खाटेवर येत नाही. जेवणही उशीवरच. तिचा श्वास अडखळायला लागलाय. त्याच्याबरोबर. दोघांचा एकदम वर, एकदम खाली. मी दारात उभा राहून बघतो. मला असं उभं राहणं शोभत नाही. तरी हलवत नाही.

प्रार्थनेला बसलो. शब्द आठवेनात.

१० ऑक्टोबर
मालकीणबाईंना फळी रिकामी दिसली. मी कबुली दिली. त्या रागावल्या नाहीत, खाली बसल्या. म्हणाल्या, ती आम्ही का देत नाही ते विचारायचं तरी. त्या दुपारी ते गेले तेव्हा पेटी चालू होती. सगळं शिकली ती. शेवटसुद्धा.

घरी धावत आलो. वाटेत भीतीच्या आधी काय आलं ते इथे लिहितो, देवापासून काय लपवायचं — आलं ते हे, की तो तिला बरोबर नेणार. मला मागे ठेवून.

११ ऑक्टोबर, सकाळ
दार लावून घेतलं. आता आम्ही दोघंच. प्लग काढला. उशी चालूच. व्हॉल्व्ह उघडले, हवा जाते आणि परत — कुठून येते? तिचा श्वास लांबत चाललाय. मधली जागा वाढतेय. मी तिला हाताने उचलायला वाकलो. तिने मान फिरवली.

हातोडी घेतली. पेटी फोडली. तुकडे केले.

उशी बसली. आणि तिच्याबरोबर हिची छाती —

नंतर
सायकलवाल्याला खिडकीतून हाक मारली, तो डॉक्टरांना आणायला गेलाय. मी उशीची नळी तोंडात धरून फुंकतोय. मी फुंकलं की उशी उठते. उशी उठली की ती श्वास घेते. थांबलो की थांबते. दोन फुंका, मग एक ओळ —

माझा श्वास आहे हा. त्याचा नाही. अडखळ नाही त्यात. तिचा चेहरा शांत. हात माझ्या मानेवर — मी ठेवला, पण आहे —

छाती दुखतेय. चालेल.

दार वाजतंय. डॉक्टर म्हणतायत, कडी काढा, नळी आम्ही धरतो. सायकलवालाही ओरडतोय. कडी पाच पावलांवर. पण मग तिच्यात दुसऱ्या कुणाचा तरी — त्यांच्यापैकी कुणाचा —

नको. थोडं थांबा म्हणावं. ती माझ्याच —

दार मोडायला लागले. एक फुंक अजून. ती फक्त माझ्या