म्हातारीचं रडणं

३ ऑक्टोबर
शेजारच्या एसेनकुलच्या गाढवाविरुद्ध आज मी रीतसर निषेध नोंदवतो. बुरुलचाताई प्रार्थनेला बसली की नेमकं कुंपणापलीकडून त्याचं रेकणं सुरू. ताईचं आपलं एकच — "प्रभू येशू, दया कर." म्हटलं, "ताई, गाढवसुद्धा तुझ्यापेक्षा लांब प्रार्थना करतं." खोकत खोकत हसली. "देवाला तेवढ्यात कळतं रे. वर्तमानपत्रातला रकाना तुला भरायचा असतो, त्याला नाही."

८ ऑक्टोबर
ताई गेली.

९ ऑक्टोबर
अंगणात शोकाचा तंबू उभारला. कमरेला शोकाचा पट्टा बांधून दिवसभर दारात उभा. पुरुषांनी लांबूनच मोठ्यानं रडत यायचं, मी मिठीत घ्यायचं — आमच्याकडची रीतच आहे. कुणी आलं नाही. मुसलमानांच्या गावात येशूच्या बाईसाठी कोण रडणार? संध्याकाळी एसेनकुलची आई, सायराकानआजी, काठी टेकत आली. "माझी लेक गेली गं—" गल्लीभर आवाज. मागून एसेनकुल, "आई, घरी चल, लाज काढतेस."
"माझी लाज मीच जन्माला घातलीये. गप बस."

१० ऑक्टोबर
कबरस्तानात आई-बाबांशेजारी खड्डा खणला. ताईला उतरवलं, तोच गावातले पुरुष फावडी घेऊन आले. एसेनकुल पुढे. "ही मुसलमानांची माती आहे." फावड्याचा दांडा माझ्या तोंडावर. दोन दात गेले. त्यांनी ताईला पाय धरून बाहेर ओढलं. कफन फाटलं. तिचं डोकं दगडावर आपटलं — तो आवाज!
शेवटी आमच्याच अंगणातल्या जर्दाळूखाली पुरलं तिला.

११ ऑक्टोबर
प्रार्थना केली. लांबलचक, अलंकारिक. एसेनकुलचे हात सडोत, डोळे फुटोत, वंश बुडो. छापण्याजोगी झाली. ताईचे शब्द मात्र तोंडातून निघत नाहीत. तोंडात नुसतं रक्त.

२६ नोव्हेंबर
सायराकानआजी वारली. आता पलीकडे तंबू. दारात एसेनकुल उभा राहणार. जो रडत येईल त्याला मिठीत घ्यावंच लागणार — मलाही. इतक्या जवळ तो पुन्हा कधी सापडायचा? मेंढी कापायची सुरी पाजळली. बुटात बरोबर बसते.

२७ नोव्हेंबर
गेलो. फाटकापासूनच रडत. सगळी गल्ली दारांत येऊन बघत होती. एसेनकुलनं हात पसरले. त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं. शिव्या पाठ करून गेलो होतो, एकही आठवेना. त्याच्या कानाशी ताईचंच निघालं — प्रभू येशू, दया कर. त्याच्यावर की माझ्यावर, ठाऊक नाही. त्यानं ऐकलं. मिठी सोडली नाही.
सुरी बुटातच राहिली. ताईसाठीचं म्हातारीचं रडणं फिटलं.